बाकावरची चार मिनिटं

आमच्या प्रयोगशाळेत सोन्या-प्लॅटिनमचा एक ठोकळा केसासारख्या बारीक तारेला टांगलेला आहे. अवकाशात असाच ठोकळा एका डबीत, कशालाही न टेकता तरंगणार आणि दूरवर कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की त्यांची पुसटशी लहर टिपणार. जमिनीवर आम्ही एवढंच बघतो, की त्याला दुसरं कुणी ओढत तर नाही ना.

आणि कुणीतरी ओढत होतं. रोज एक वाजता आलेखावर उंचवटा यायचा, दोनला ओसरायचा. पंप बदलला, लिफ्ट बंद ठेवली, तीन आठवडे नुसते नाकी नऊ आले. शेवटी आमच्या तंत्रज्ञाने भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीपलीकडे बाक होता आणि बाकावर माझे बाबा.

निवृत्त झाल्यापासून ते माझा डबा आणायचे आणि तो रिकामा होऊन परत मिळेपर्यंत तिथेच बसायचे. भिंतीला टेकलेला पंच्याऐंशी किलोंचा माणूस. जगातली प्रत्येक वस्तू दुसरीला ओढते, तसे तेही ठोकळ्याला ओढत होते.

हे सांगायला कितीसा वेळ लागला असता? बाबा हरखून गेले असते. "आमचं वजन सोन्यालासुद्धा कळतं," म्हणत गल्लीभर मिरवले असते. पण माझं डोकं फिरलं होतं.

"बाबा, उद्यापासून येऊ नका. तुमच्यामुळे माझं काम बिघडतंय."

"अगं, मी आत पाऊलसुद्धा टाकत नाही!"

"तरी बिघडतंय. घरी बसा ना गप."

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. रविवारी निवांत समजावू, असं म्हणत मी चार रविवार घालवले. पाचव्याच्या आधी बाबा झोपेतच गेले.

काल उपकरण चाचणीत पास झालं. अहवालासाठी मी जुने आलेख काढले. बाबांचं येणं बंद झालं तिथून रेषा सपाट होती. फक्त नवव्या दिवशी, एक वाजता, चार मिनिटांचा उंचवटा.

त्या दिवशी मी डबा घरी ओट्यावर विसरले होते. संध्याकाळी तो ओट्यावरच होता, पण बाबांच्या नेहमीच्या पिशवीत घातलेला. तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

लक्षात आहे ते एवढंच, की रेषा वर चढताना बघून मी उघड्या दारातून खेकसले होते, "आता कोण तडमडलंय तिकडे?" रेषा लगेच खाली आली होती.

एकदा नाही, दोनदा हाकललं मी त्यांना. नोंदवहीत माझ्याच अक्षरात, माझ्या सहीनिशी लिहिलेलं आहे: चार मिनिटं. कारण अज्ञात. वगळावीत.