ओली जागा, कोरडी पट्टी

दाराची कडी वाजली. धाकटा नुकताच झोपला होता, घर चिडीचूप होतं, आणि भरदुपारी दारात नवरा उभा. भूसुरुंग शोधणाऱ्या माणसाच्या बायकोला असं अवेळी येणं सोसत नाही. मी आधी त्याचे पाय पाहिले. दोन्ही होते.

"हेडबाईंनी काम थांबवलं," तो बूट सोडत म्हणाला. हेडबाई म्हणजे त्यांच्या तुकडीच्या प्रमुख. शाळेतल्यासारख्या ओरडतात, म्हणून हे नाव.

रोज कामाआधी यंत्राची परीक्षा होते. तंबूमागे प्लॅस्टिकचा नकली सुरुंग पुरलेला असतो. त्यावर यंत्र वाजलं की मगच रानात पाऊल टाकायचं. कालही सगळी यंत्रं खणखणीत वाजली होती.

"आज बाईंना तंबूमागचंच गवत हिरवं दिसलं. बाकी सगळं रान करपलेलं. आम्ही चहाचे कप तिथेच विसळतो ना!"

"मग बिघडलं काय?"

"अगं, ओलसर मातीत प्लॅस्टिक वेगळं कळतं. कोरड्या मातीत यंत्राला फरकच जाणवत नाही. बाईंनी तो नकली सुरुंग उकरला, कोरड्या जागी पुरला आणि माझं यंत्र वर फिरवलं. ढिम्म!"

त्याच यंत्राच्या भरवशावर काल तो रानातली अख्खी पट्टी गुडघ्यांवर सरकत गेला होता.

पाण्याचा पेला माझ्या हातातच राहिला. मग मी बाईंना फोन लावला. "बाई, तुमचे उपकार..."

"उपकार कसले गं? आधी त्याला जेवू घाल. आणि सांग, कप घरी नेऊन विसळ म्हणावं! उद्या यंत्रं कोरड्या मातीसाठी जुळवून ती पट्टी पहिल्यापासून बघू."

मी हसले, रडलेही. चार हिरव्या काड्यांना मनातल्या मनात हात जोडले. त्याचे मोजे झटकले तर पिठासारखी माती उडाली. तो चटईवर आडवा झाला, धाकट्याला पोटावर घेतलं. अशी भरलेली दुपार आम्हाला कधी मिळते? थोरली भिंगरी बाबाच्या पायाची बोटं एकेक करून मोडत बसली होती. कान मात्र आमच्याकडेच.

"आई," ती म्हणाली, "काल बाबाचं मशीन गप्प होतं, तेव्हा खाली खरंच काही नव्हतं का गं?"