वाडा मिरजंकडं गेलाय

हे लिवायचंच न्हवतं. तीनदा कागद मशिनीत घातला, तीनदा काढला. पर चूक ह्याच बोटांनी झालीया.

सांगोल्यात खडीच्या ठेकेदाराकडं मी कामाला. तायप कुणी शिकवलं न्हाय. हपिसात मशिन पडून हुती, एकेक अक्षर हुडकत शिकलो.

आमी धनगर. दिवाळी झाली की वाडा निगतो. वाडा म्हंजी मेंढरं, घोडी, बायापोरं, कोंबड्या, समदं. मिरगाला परत बिरोबाच्या माळावर येऊन बसतो. आज्याच्या आज्यापास्नं. घोडीवरनं पडून पाय मोडला, तवापास्नं मी जात न्हाय. हपिसाच्या खिडकीतनं माळ दिसतो. सांजच्याला मेंढरं वाघरीच्या जाळीत घेताना वाड्यातला जोतीराम शीळ घालायचा, शेवटची मेंढी आत आली की तीच शीळ उलटी. वाडा गेला की माळ गप. मग मी नुसता मिरगाची वाट बघतो.

माघात सरकारी साहेब माळ मोजायला आला. आमच्या ठेकेदाराला तितं खाण काढायची, दगड चांगला हाय म्हणं. मशिन घिऊन मी बी गेलो. वय झालं म्हणून मागं ऱ्हायलेले रावजीआप्पा, जोतीरामचे वडील, देवापाशी बसले हुते. साहेबानं इचारलं, इथं कुणाचं घर आहे का?

"व्हय की. वाडा हाय आमचा."

"कुठाय?"

"मिरजंकडं गेलाय."

साहेब हसला. म्हणाला, "बाबा, तुमचा वाडा चालतो काय?"

"मग काय मेंढरं उपाशी मारू?"

साहेबासंगची समदी हसली. मी बी हसलो. त्येच लागून ऱ्हायलंय.

साहेबानं सांगितलं, लिहा, जागेवर कोणाची वस्ती नाही. मला वाडा म्हंजी काय ते ठावं हुतं. सांगितलं असतं तर काम गेलं असतं. मी तायप केलं. एक बी अक्षर चुकलं न्हाय.

काल जोतीराम वाड्याच्या म्होरं एकटाच आला. माळावर चुन्याचे पट्टे बघून सरळ माझ्याकडं. पटक्याच्या टोकानं तोंड पुसत म्हणाला, "आमच्या समद्यांच्या नाळा तितं पुरल्यात. तुमच्या कागदात लिवलंय का?"

मी कागद वाचून दाखवला. कुणी तायप केलं ते बी सांगितलं. वाटलं, शिव्या घालंल. तो माझ्या मोडक्या पायाकडं बघत बसला. मग हळूच म्हणाला, "आप्पा अडाणी हायत. तू तर आमचाच हुतास की."

हुतास म्हणाला. हायस न्हाय.

खाणीला कुणाची हरकत असंल तर साहेब सोमवारी ऐकणार हायत. मिरगाला आठच दिस उरल्यात, वाडा वाटंला लागलाय. न्हाय ऐकलं तर बसंल कुटं?

जोत्या, तुला वाचता येत न्हाय, म्हणून तोंडानं बी सांगतो. सोमवारी मी येतो. साहेबाम्होरं उभा ऱ्हाऊन सांगतो, आप्पा खरं बोलले हुते, वाडा मिरजंकडंच गेल्ता, आन् खोटं मी तायप केलं.