जास्तीचा हार

कुंदाने पिठाचे हात तसेच ठेवून रिसीव्हर खांद्याने कानाशी दाबला. पलीकडे बर दुबईचा फ्रेमवाला सदानंद होता.

"वहिनी, साहेबांना फ्रेमा आवडल्या ना? त्या पोराच्या फोटोला चंदनाचा हार घातलाय मी. आपल्याकडून, हां."

"कुठल्या पोराच्या?"

"शाळेच्या दारात उभं आहे ते. काळापांढरा जुना फोटो, एवढंसं पोर. म्हटलं, गेलेलं दिसतंय बिचारं. वाईट वाटलं मला."

"अहो, गेलेलं कसलं! तो साहेब आहे! लहानपणचा!"

सदानंद "अरे देवा" एवढंच म्हणाला. तव्यावरची पोळी जळत होती, पण कुंदाच्या ते लक्षातच आलं नाही.

विल्कॉक्स साहेब म्हणजे तिच्या नवऱ्याचे, हेमचंद्रचे मॅनेजर. अबूधाबीपलीकडच्या रुवैसच्या रिफायनरीत हेमचंद्र ड्राफ्ट्समन होता आणि त्याचं काँट्रॅक्ट या महिनाअखेरीला संपत होतं. सही साहेबांची. सही झाली नाही की व्हिसा खलास, लेकीची, ओवीची शाळा अर्ध्यावर, आणि बाडबिस्तरा गुंडाळून पुण्याला. मागच्याच महिन्यात दोन बिऱ्हाडं अशी कंपनीचा कॅम्प सोडून गेली होती. त्यातल्या एकीने जाताना आपली तुळस कुंदाच्या बाल्कनीत आणून ठेवली होती.

साहेबांना नाद एकच. दर जूनला इंग्लंडमधल्या आपल्या गावी जायचं आणि वडिलांनी जिथे उभं राहून फोटो काढले होते तिथेच उभं राहून तेच फोटो पुन्हा काढायचे. मग दोन्ही एका फ्रेममध्ये: वर जुनी गिरणी, खाली तिथे झालेले फ्लॅट. वर लोहाराचं दुकान, खाली पेट्रोल पंप. सुट्टीला हेमचंद्र दुबईला जातो म्हणून साहेबांनी ते मोठ्या विश्वासाने त्याच्याकडे फ्रेम करायला दिले होते. आणि या शहाण्याने काचेला ओरखडा नको म्हणून पार्सल न उघडताच साहेबांच्या दारात नेऊन दिलं होतं!

हेमचंद्र घरी आला, सगळं ऐकलं आणि बूट न काढताच खाली बसला.

"साहेबाला काय कळतंय गं? डेकोरेशन वाटेल त्याला."

"आणि रशीदा? रोज त्यांच्याकडे स्वयंपाक करते ती. हैदराबादची आहे, तिला कळणार नाही?"

त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. कुंदाला नोकरीची भीती होतीच, पण दुसरी भीती तिला बोलवतही नव्हती. जिवंत माणसाच्या फोटोला हार! तिने देवापुढे दिवा लावला, आणि नक्की काय मागायचं ते न सुचून नुसतीच हात जोडून उभी राहिली.

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. साहेबच होते. दोघांनीही संध्याकाळी या म्हणाले.

"दोघांनी? मला कशाला?"

"मला काय माहीत? यल्ला, चल, साडी बदल."

दार रशीदाने उघडलं. तिचे डोळे लाल होते.

"मैंने बता दिया, भाभी," ती हळूच म्हणाली. "साहब ने पूछा, ये काहे को लगाते. मैं झूठ कैसे बोलती?"

कुंदा तिच्यामागून आत गेली.

हॉलच्या भिंतीवर फोटो ओळीने लावले होते. गिरणी, लोहाराचं दुकान, छोटं चर्च, शाळा. शाळेच्या दारात अर्ध्या चड्डीतला, कान पुढे आलेला मुलगा, आणि त्याच्याभोवती तो हार. अजून तसाच. साहेब खुर्चीत बसले होते. चार दिवसांत माणूस इतका उतरतो?

"सर, व्हेरी सॉरी सर. दुकानदाराची चूक झाली. मी आत्ता काढतो," हेमचंद्र पुढे झाला.

"राहू दे." साहेब इंग्रजीतच, पण कुंदालाही समजावं म्हणून सावकाश बोलत होते. "ती शाळा पाडून पंचवीस वर्षं झाली. आता तिथे गाड्या उभ्या करतात. तुमच्या माणसाने बरोबर ओळखलं."

साहेबांनी उरलेल्या फ्रेमांकडे बोट केलं.

"बाकीच्यांनाही हार आणाल? गिरणी गेली, लोहार गेला, चर्चही गेलं." मग त्यांनी ओळीच्या टोकाकडे पाहिलं. "आणि एक जास्तीचा आणा."

"शुअर सर! शुअर!"

"तुझा कागद मी काल सही करून अबूधाबीच्या ऑफिसात दिला, हेमचंद्र. तेव्हा तिकडेच होतो, हॉस्पिटलला." त्यांनी कुंदाकडे पाहिलं. "या जूनला काही मी फोटो काढायला जाणार नाही."

निघताना रशीदाने कुंदाचा हात घट्ट धरला.

गाडीत हेमचंद्रच्या जिवात जीव आला. शीळ घालत तो म्हणाला, "बघ, उगीच घाबरलीस! सही झालीसुद्धा. आणि साहेब लोक कसे गं, हारसुद्धा स्पेअर मागतात."

"ओळीत शेवटी, शाळेच्या पुढे, एका फोटोपुरता खिळा होता, पाहिलात? रिकामा."

"मग?"

कुंदा काचेतून बाहेर बघत राहिली. मेल्याला खरंच कळत नाही की कळून घ्यायचं नाही? हवी होती ती सही मिळाली होती, आणि तिच्या डोळ्यांपुढून तो रिकामा खिळा हलत नव्हता.

घरी आल्यावर तिने पदर खोचला आणि आधी फोन उचलला.

"सदानंदभाऊ, अजून हार हवेत. तीन."

"साहेबाने चार सांगितले ना!" मागून हेमचंद्र म्हणाला.

"तीनच," कुंदा फोनमध्ये म्हणाली. "आणि साहेबांनी स्वतः फोन केला, तर संपलेत म्हणून सांगा. आमच्या देवाची शपथ आहे तुम्हाला."