घोडा परत येतो की नाही

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. मी एक जुनी फिल्म आहे, मोठ्या चाकावर गुंडाळलेली चित्रपटाची लांबच लांब पट्टी. जिला आयुष्यभर तापलेल्या दिव्यासमोरून पळावं लागलं आणि जिच्याकडे जो येतो तो कात्री घेऊनच येतो, ती भित्री नाही होणार तर काय होणार? तुम्ही हसाल, पण डब्याचं झाकण नुसतं वाजलं तरी मी चाकाला आणखी घट्ट बिलगते.

माझा जन्मच मुळी अंधारात झाला. कारखान्यात मला मूळ फिल्मच्या गालाला गाल लावून ओढत नेलं, उजेडाचा एक चटका दिला आणि औषधाच्या एका हौदातून दुसऱ्या हौदात बुडवत राहिले. पहिल्याच हौदात वाटलं, संपलं आपलं. पण वाळवून वर धरलं तेव्हा माझ्या अंगभर चित्रं उमटली होती. त्याच मूळ फिल्मवरून माझ्यासारख्या आणखी प्रती निघाल्या, सगळ्या जुळ्या बहिणी. मग प्रत्येकीला डब्यात घातलं आणि ज्या त्या वाटेला लावलं.

माझ्या अंगावरची गोष्ट साधी आहे. एक मुलगी असते आणि दुधाच्या गाडीला जुंपलेला एक पांढराशुभ्र घोडा. अडचणीच्या दिवसांत बाप तो घोडा लांबच्या बाजारात विकतो. मुलगी रडून रडून आजारी पडते. आणि अगदी शेवटी, एका सकाळी ती दार उघडते तर दारात घोडा उभा. अंग मळलेलं, दोर तुटलेला, एवढी वाट एकट्याने चालून आलेला. बस, इथे गोष्ट संपते.

ही गोष्ट घेऊन मी गावोगाव फिरले. शाळांची सभागृहं, दवाखान्यांचे व्हरांडे, कामगारांचे क्लब, कुठे नाही गेले! घोडा दारात दिसला की पोरं बाकांवर उभी राहून टाळ्या वाजवायची आणि मोठी माणसं अंधाराचा फायदा घेऊन डोळे पुसायची. मला फार बरं वाटायचं. पण तेवढ्यात दिव्याची धग लागायची, मशीनचे दात माझ्या कडेच्या छिद्रांत घुसायचे आणि माझा जीव टांगणीला लागायचा. एकदा मी मधेच तुटले, तर मशीनवाल्याने मला चक्क केसांच्या पिनेने जोडलं. त्या पिनेचा ओरखडा अजून आहे. आम्हा फिल्मांचं शेवटचं टोक तर सगळ्यात जास्त झिजतं, कारण खेळ संपला की जो तो निघायच्या घाईत असतो. माझं टोक कसं वाचलं ते माझं मलाच ठाऊक नाही.

पुढे घरोघरी छोटे पडदे आले आणि मला कुणी विचारेनासं झालं. एका जिन्याखालच्या कोनाड्यात मला ढकलून दिलं. तिथे ओल होती आणि उंदीर होते. हळूहळू माझ्या अंगातला निळा गेला, हिरवा गेला, उरला तो नुसता तांबडा. आभाळ लाल, झाडं लाल आणि तो पांढराशुभ्र घोडासुद्धा विटेसारखा लाल झाला. आरशात स्वतःला बघायची सोय नव्हती हे एक बरंच झालं म्हणायचं.

तिथून भंगारवाला आणि भंगारवाल्याकडून मी आले ती दातांच्या एका डॉक्टरांकडे. म्हणजे आगीतून निघाले आणि फुफाट्यात पडले! खाली त्यांचा दवाखाना, वर घर, आणि वरच्या मधल्या खोलीत जुन्या फिल्मांचा संसार. डॉक्टरांना हाच एक नाद. कपाळावर दिवा, हातात चिमटा, काठीवरचा छोटा आरसा, सगळी दातांचीच हत्यारं. मला टेबलावर घेतल्या घेतल्या ते सवयीने म्हणाले, "दुखणार नाही हं." मित्रांनो, हे वाक्य ऐकल्यावर आजवर कुणाची पाचावर धारण बसली नसेल असं मला वाटत नाही.

खोटं कशाला बोलू, त्यांचा हात हलका होता. मऊ मखमलीवर औषध घेऊन त्यांनी माझ्या अंगावरची वर्षानुवर्षांची घाण पुसली. फाटलेल्या छिद्रांवर पारदर्शक पट्ट्या लावल्या. पिनेची जखम साफ करून नीट सांधली. आणि हे करताना ते अखंड बोलत. दातांच्या डॉक्टरांना तशी सवयच असते, समोरच्याचं तोंड उघडं असल्यामुळे उत्तर यायची भीती नसते.

त्या बोलण्यातूनच मला सगळं कळलं. डॉक्टरांची मोठी बहीण, ताई, त्याच घरात राहते. आई लवकर गेली, तिनेच डॉक्टरांना वाढवलं. लहानपणी ती त्यांना हा चित्रपट बघायला घेऊन गेली होती आणि शेवट यायच्या आत हे महाशय तिच्या मांडीवर झोपून गेले. तेव्हापासून भावाबहिणीचं भांडण चालू. ती म्हणायची, घोडा परत येतो. हे म्हणायचे, छे, विकलेला घोडा कुठला परत येतोय! केस पांढरे झाले तरी दोघं त्यावरून हमरीतुमरीवर यायची.

मग मधे डॉक्टरांना या चित्रपटाची एक प्रत मिळाली. माझीच जुळी. रंग असे की कालच धुऊन वाळत घातली असावी. मोठ्या थाटात ताईला बसवून त्यांनी ती लावली, आणि घोडा आलाच नाही. तिचं शेवटचं टोक कधीच तुटून गेलं होतं, पण ते यांना काय ठाऊक? मुलगी दाराकडे चालत जाते, तिथेच पडदा कोरा. डॉक्टर टाळी वाजवून म्हणाले, "बघ! जिंकलो की नाही?"

अलीकडे ताई चष्मा कुठे ठेवला ते विसरायची, शेजारणीचं नाव विसरायची. उठताना एवढंच म्हणाली, "मग मी इतकी वर्षं काय बघितलं रे? डोकंच गेलं वाटतं माझं." त्या दिवसापासून ती पडद्यासमोर बसली नाही. आपल्या आठवणीतलं काही ती छातीठोकपणे सांगेनाशी झाली. डॉक्टर मला हे सांगत होते तेव्हा त्यांचा चिमटा हातातच राहिला होता. "जिंकून काय मिळवलं मी?" ते म्हणाले, आणि भिंग लावून त्यांनी माझ्या टोकाकडे पाहिलं. तिथे घोडा उभा होता.

आनंद झाला ना तुम्हाला? मला नाही झाला. कारण पुढचं वाक्य होतं, "हा तुकडा कापून हिच्या सुंदर बहिणीला लावतो. ताईच्या वाढदिवसाला दाखवतो." जुळीसाठी त्यांनी सुरुवातीची नवी पट्टीसुद्धा करून घेतली होती, तिच्यावर कोरलं होतं, 'फक्त ताईसाठी'. म्हणजे जुळी सजणार आणि मी? माझ्यातली मुलगी दार उघडणार आणि दारात कुणी नसणार! आता हातपाय नसताना गळतात कसे विचारू नका, पण गळाले.

खरी भीती तर पुढेच होती. डॉक्टरांनी जुळीचा डबा आणला. धूळ लागू नये, हवा लागू नये म्हणून त्यांनी तिला घट्ट प्लास्टिकच्या डब्यात घालून वरून चिकटपट्टी मारली होती, तीही प्रेमाने. झाकण निघालं आणि भपकन आंबट वास आला. मित्रांनो, आम्हा फिल्मांमध्ये हा वास म्हणजे महारोग. अंग आतून आंबतं, आक्रसतं, वाकडं होतं, आणि शेजारणीलाही लागतं. कोंडून ठेवलं की दुप्पट वेगाने. "वास येतोय का गं माझा?" जुळीने हळूच विचारलं.

मला वाटलं, डॉक्टरांना आता कळेलच. कसलं काय! उभा जन्म लवंगेच्या तेलात आणि औषधांत गेलेला, त्यांचं नाक कधीच बाद झालं होतं. जुळीवर वाकून ते म्हणाले, "काय रंग आहे!" मी आतल्या आत ओरडत होते, अहो, रंग काय बघताय, वास घ्या, वास! हा सांधा बसला तर घोडाही आंबणार, आणि त्या घोड्याशिवाय ताईला खरं ठरवणारं जगात दुसरं काही नाही!

पातं खाली आलं. खट्ट. आणि माझा घोडा माझ्यापासून वेगळा झाला. दुखलं की नाही ते विचारू नका. डॉक्टरांनी तो तुकडा चिमट्यात धरला, जुळीचं टोक ओढलं, चिकटपट्टी दातांत धरून फाडली. दोन टोकं एकमेकींपासून नखभर अंतरावर आली.

"बाळ, काय आंबलंय रे इथे?"

दारात ताई उभी होती. डॉक्टर गडबडले. "काही नाही गं ताई. तू जा, मी येतो."

"काही नाही काय? बाहेरपर्यंत वास येतोय."

"मला तर येत नाही."

"तुला कधी काय येतं? दूध उतू जाऊन करपलं तरी तू पेपरच वाचतोस." ताई आत आली, नाक पुढे करून थेट जुळीपाशी गेली. मग थबकली, आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "का मलाच भास होतोय? आता नाकही गेलं की काय माझं?"

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या जुळीच्या वाकड्या झालेल्या टोकाकडे. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "नाही ताई," ते म्हणाले. "नाक तुझंच शाबूत आहे. मीच हिला कोंडून कोंडून मारायला निघालो होतो." त्यांनी खिडक्या सताड उघडल्या. जुळीला डब्यातून काढून दुसऱ्या खोलीत वाऱ्यावर नेऊन ठेवलं, हात धुतले, आणि माझा तुकडा मलाच परत जोडला. मला रडायला आलं असतं, पण ओल आम्हाला चालत नाही.

ताईच्या वाढदिवसाला त्यांनी मलाच मशीनवर चढवलं. 'फक्त ताईसाठी' आता माझ्या कपाळी. ताई यायला तयार नव्हती, तिला हाताला धरून बसवावं लागलं. "कशाला रे पुन्हा तेच?" ती म्हणाली. तिलाही भीती वाटत होती, हे मला अंधारातसुद्धा कळलं. माझा तांबडेपणा कमी दिसावा म्हणून डॉक्टरांनी भिंगासमोर निळसर काच धरली होती. मी पळू लागले आणि सगळा वेळ एकच जप, सांधा टिकू दे. ताजा सांधा नेमका मुलगी दाराकडे जाते तिथेच होता. तो सुटला की पडदा पुन्हा कोरा, आणि ताई पुन्हा खोटी.

मुलगी चालू लागली. सांधा दिव्याशी आला. मशीन खडखडलं, चित्र एकदा हललं. मी डोळे मिटून घेतले असते, पण माझ्या अंगावर तर सगळे डोळेच. आणि मग दार उघडलं.

घोडा होता.

ताई ताडकन उठून उभी राहिली. "ती काच काढ," ती म्हणाली.

"अगं, लाल दिसेल घोडा. रंग गेलाय हिचा."

"लाल तर लाल. आला ना!" आणि तिने आपल्या साठीच्या भावाच्या पाठीत एक धपाटा घातला. "परत येतो म्हणत होते ना मी? म्हणत होते ना?"

"म्हणत होतीस गं," डॉक्टर म्हणाले. आणि त्यांनी निळी काच काढून बाजूला ठेवली.

मित्रांनो, मी अजून भिते. सांधा आहे, तो कधीतरी सुटेल. जुळी पलीकडच्या खोलीत दिवसेंदिवस वाकत चालली आहे, आणि तिच्या काळजीने माझा जीव वर-खाली होतो. ताई अधूनमधून माझा डबा उघडून वास घेऊन जाते, तेवढाच धीर. तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. ज्याला जीव लावता त्याला डब्यात कोंडू नका. त्याला वारा द्या, त्याच्या जवळ जा. आणि घरातलं म्हातारं माणूस "असं होतं" म्हणालं, तर टाळी वाजवून "नव्हतं" म्हणायची घाई करू नका. शेवटचा तुकडा दुसऱ्या कुठल्यातरी डब्यात असू शकतो.