दीड बोट खाली

मी एक पायरी बोलतेय. तेरा पायऱ्यांच्या लाकडी जिन्यातली सातवी. खालून मोजा, वरून मोजा, मी सातवीच. बोलायला मला फारसा वेळ नाही आणि खरं सांगायचं तर धीरही नाही. वर कुठे दार करकरलं की माझ्या पोटात गोळा येतो. पायरीला पोट कुठलं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. वीस वर्षं तो गोळा मीच सांभाळतेय.

जन्माने मी भित्री नव्हते. एकाच झाडाच्या वाळलेल्या लाकडातून आम्ही तेरा बहिणी निघालो. मिस्त्रींनी आम्हाला रंधा मारला, कडा गोल केल्या, तळहात फिरवून फिरवून पाहिलं. त्यांची एक रीत होती. जिना बसवायच्या आधी ते एका लांब काठीवर तेराही उंचींच्या खुणा करत आणि ती काठी भिंतीला टेकवून स्वतःशी पुटपुटत तपासत. दोन खुणांमधलं अंतर तसूभर जरी इकडचं तिकडे झालं, तरी सगळ्या खुणा पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

घराचे मालक घरांचे नकाशे काढत. सगळे त्यांना साहेब म्हणत. हे घर त्यांनी स्वतःसाठी बांधलं होतं, त्यामुळे त्यातला खिळासुद्धा त्यांना विचारूनच ठोकला जायचा. जिना अर्धा बसला तेव्हा ते दारात उभे राहिले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "मिस्त्री, सातवी जरा खाली घ्या. दीड बोट."

"का हो साहेब?"

"इथून बघा. मागच्या खिडकीची खालची कड आणि सातवीची कड एका रेषेत आली पाहिजे. भिंतभर एकच रेघ दिसेल."

मिस्त्रींनी दारात येऊन पाहिलं. "रेघ छान दिसेल, नाही म्हणत नाही. पण पायाला दगा होईल."

"दीड बोटाने? अहो, कुणाला कळणारसुद्धा नाही."

"डोळ्याला नाही कळणार साहेब. पण माणूस जिना काय बघून चढतो? मागची पायरी जेवढी, तेवढीच पुढची असणार, असं धरून पाऊल पडतं."

"चांगलं काय, वाईट काय, हे शेवटी बघणाऱ्यावर असतं मिस्त्री. तुमची आवड निराळी, माझी निराळी. आणि घर माझं आहे."

मिस्त्रींनी माझ्याखालच्या पट्ट्या उपटल्या आणि दीड बोट खाली ठोकल्या.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मी तोऱ्यात होते. दारातून आत येणाऱ्याची नजर खिडकीच्या कडेवरून सरकत यायची ती थेट माझ्यावर. एका मासिकात जिन्याचा फोटो छापून आला, त्यात मधोमध मी. पाहुण्यांचं मात्र कधीच एकमत झालं नाही. एक म्हणे, "वा, काय रेघ आहे!" दुसरा म्हणे, "जिना तो जिना, त्यात काय एवढं?" साहेब हसून म्हणायचे, "आवड ज्याची त्याची."

मग दोघेही जिना चढायचे. वा म्हणणारा माझ्यापाशी अडखळायचा आणि नाक मुरडणाराही माझ्यापाशीच अडखळायचा. चढताना माझ्यावरचं पाऊल फसायचं आणि पुढच्या पायरीला अंगठा आपटायचा. उतरताना तर विचारूच नका. लठ्ठ, किडकिडीत, शिकलेला, अडाणी, नळ दुरुस्त करायला आलेला माणूस, सगळे एका जागी. डोळ्यांचं कधी जमलं नाही, पण पायांचं मत वीस वर्षांत एकदाही फुटलं नाही. ते लक्षात यायला लागलं तेव्हाच मला पहिल्यांदा भीती वाटली.

माणसांची गंमत अशी, की अडखळल्यावर कुणी मला दोष द्यायचं नाही. "माझंच लक्ष नव्हतं," म्हणून कसनुसं हसायचं आणि कुणी पाहिलं तर नाही ना, ते हळूच बघायचं. साहेब आणखी चिडवायचे, "नाचता येईना, अंगण वाकडं!" त्या म्हणीची मी धास्तीच घेतली. अंगण खरोखरच वाकडं असलं तर? कुणी कधी मोजून पाहिलं होतं का?

हळूहळू घराने एक सवय लावून घेतली. पाहुणा जिन्याकडे वळला की घरातलं कुणी ना कुणी, असेल तिथून ओरडायचं, "सातवीला जपून!" साहेबांच्या लेकीला तर सतराचा पाढा यायच्या आधी हे वाक्य यायला लागलं. घरच्यांचे पाय सरावले. मी नाही सरावले. प्रत्येक पावलाला मी जीव मुठीत धरून असायचे.

एका दुपारी साहेबांच्या बायको, आमच्या बाई, धुतलेल्या चादरींचा ढीग छातीशी घेऊन उतरत होत्या. ढिगापुढे काही दिसत नव्हतं आणि खाली कुणाशी तरी बोलणं चाललं होतं. पायऱ्या मोजायचं राहिलं. पाऊल खाली आलं तेव्हा मी तिथे नव्हते, दीड बोट खाली होते. बाई तळापर्यंत घसरत गेल्या. मनगट मोडलं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

"एवढ्या वर्षांत तुला पायरी पाठ झाली नाही? लक्ष कुठे होतं?" साहेब म्हणाले. घाबरून म्हणाले, पण म्हणाले.

"चुकलंच माझं," बाई म्हणाल्या.

चूक माझी होती हो! ओरडून सांगावंसं वाटलं. पण लाकूड करून करून काय करणार, करकरणार. मी करकरले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझ्या सांध्यात तेल सोडलं.

गेल्या महिन्यात लेक घरी आली. लग्नानंतर आठ वर्षं लांब राहिलेली, आता कडेवर तीन महिन्यांची मुलगी. तिला वरची खोली दिली आणि माझी पाचावर धारण बसली. लेकीचे पाय जिना विसरले होते. शिवाय बाळ छातीशी धरलं की आईला आपली पावलं दिसत नाहीत.

परवा सकाळी व्हायचं तेच झालं. तिचं पाऊल फसलं. तिने एका हाताने कठडा पकडला, दुसऱ्याने बाळ आवळून धरलं आणि तिचा गुडघा माझ्या कडेवर आपटला. बाळ किंचाळलं. खाली चहा पीत बसलेल्या साहेबांच्या हातून कप पडला.

"लागलं का गं? लक्ष कुठे होतं तुझं?" साहेब धावत आले.

लेक माझ्यावरच बसली. एका हाताने गुडघा चोळत म्हणाली, "बाबा, ही पायरी चुकलीय."

"काहीतरीच काय? अख्ख्या घरातली सुंदर जागा आहे ही."

"सुंदर आहेच. मी कुठे नाही म्हणतेय? पण चुकलीय."

"चूक की बरोबर हे कोण ठरवणार? आवड..."

"बरं. ही शांत झाली की हिला घेऊन तुम्ही उतरून दाखवा."

बाळ शांत झाल्यावर साहेब वर गेले. लेक माझ्या खालच्या पायरीवर दोन्ही हात पसरून उभी राहिली. बाई जिन्याच्या तळाशी तोंडावर हात धरून. साहेब नातीला छातीशी घेऊन उतरू लागले. जिना त्यांनीच आखलेला, वीस वर्षं रोजचा. माझ्या वरच्या पायरीपर्यंत ते झरझर आले आणि थांबले. उजवा पाय पुढे आला, हवेतच राहिला, मागे गेला. पुन्हा पुढे आला. तळवा घामाने ओला झाला होता. घाबरलेली पावलं मी कमी पाहिलेली नाहीत, पण इतकं घाबरलेलं एकही नाही.

"उतरा ना बाबा," लेक हळूच म्हणाली. "दीड बोटच आहे."

साहेब उतरले नाहीत. होते तिथेच ते खाली बसले आणि नातीला पोटाशी धरून, लहान पोरासारखे बुड सरकवत सरकवत, एकेक पायरी करत तळाशी आले. कुणी हसलं नाही. त्यांनी बाळ लेकीकडे दिलं, बाईंचं मनगट हातात घेतलं आणि म्हणाले, "तेव्हा मी तुलाच बोललो होतो."

बाईंनी हात काढून घेतला नाही. "मिस्त्रींना बोलवा," एवढंच म्हणाल्या.

मिस्त्री आज दुपारी येणार आहेत. मला उपटायचं, पट्ट्या वर ठोकायच्या, पुन्हा बसवायचं. पहारीची भीती वाटते मला. खिळे निघताना लाकूड चिरतं म्हणतात. आणि ती रेघ मोडणार. साहेब सकाळपासून तीनदा दारात उभे राहून तिच्याकडे बघून गेले. त्यांना वाईट वाटतंय. मलाही वाटतंय. सुंदर होते हो मी.

पण आता मला बाकीच्या बारा बहिणींसारखं जगायचंय. माणूस गप्पा मारत वर पोचावा आणि मधे सातवी पायरी होती हे त्याला आठवूही नये. तुम्ही कधी काही घडवलंत, खुर्ची, खिडकी, कपाची कड, काहीही, तर एक विनंती आहे. डोळ्यांना विचारा, जरूर विचारा. पण जो ते न बघता वापरणार आहे, त्यालाही एकदा विचारा.

आता मला आवरतं घ्यायला हवं. मिस्त्री अजून आलेले नाहीत. वर बाळ रडून उठलंय. लेक त्याला उचलतेय, बोलतेय त्याच्याशी. खोलीचं दार उघडलं. एक पाऊल खाली आलं. अगं, थांब. दुपार व्हायला थोडाच वेळ आहे. थांब ना गं, मी अजून खालीच आहे.