पाऊण मिनिटाचा चमत्कार

माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी पुढच्या खोलीत त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. वीस-पंचवीस माणसं आळीपाळीने स्वतःच्या मनगटाकडे आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत होती. काल पडद्यावरची वेळ सगळ्यांच्या घड्याळांपेक्षा दोन मिनिटं पुढे होती. आज ते अंतर जवळजवळ पाऊण मिनिटाने घटलं होतं. खुर्चीत संथबाबा डोळे मिटून बसले होते. भिंतीवरच्या घड्याळात माणसाचा हात जातो, यंत्र खोटं बोलत नाही, म्हणून त्यांना कॉम्प्युटरच लागे. या घरातला काळ आपण मंद केला, असं ते सांगत. काळ मंद म्हणजे आजार मंद, मग औषधं कशाला? पहिल्या दिवशी नाक मुरडणारा शिंपीही आता हात जोडून उभा होता.

माझं लक्ष धाकटीच्या सुजलेल्या पावलांकडे होतं. हृदयाच्या गोळ्या तिने अकरा दिवसांपूर्वी सोडल्या होत्या.

"ताई, तुला मेलं सगळ्यात खोटंच दिसतं," ती म्हणाली. तेवढ्या बोलण्यातही तिला दोनदा दम लागला.

पडद्याकडे बघता बघता मला गिरणीची हजेरीखोली आठवली. तीस वर्षं मी तिथे काढली. फाटकावरचं मोठं घड्याळ लंबकमामा सांभाळत. ते पुढे गेलं तर मामा काटे कधीच मागे फिरवत नसत. फिरवले असते, तर माणूस आत येण्याआधीच बाहेर गेल्याचा शिक्का कार्डावर उमटला असता. मामा लंबकाचा गोळा किंचित खाली उतरवत; घड्याळ संथ चाले आणि दोन-तीन दिवसांत आपोआप ताळ्यावर येई.

कॉम्प्युटर धाकटीच्या सुनेचा. ती बाहेरगावच्या कामावरून त्याच दिवशी परतली. मी तिला मामांची गोष्ट सांगितली. ती आधी हसली, मग यंत्राशी खटपट करू लागली.

"मावशी, अगदी हेच आहे," ती म्हणाली. यंत्राच्या आत कर्नेल नावाचा मुख्य कारभारी असतो. सुरू होताना तो छोट्या बॅटरीवरच्या घड्याळातून वेळ घेतो, पुढे स्वतः ठोके मोजतो. इंटरनेटवरून चूक कळली की तोही मागे उडी न मारता प्रत्येक सेकंद केसभर लांबवू शकतो. दिवसाला जेमतेम पाऊण मिनिट. एरवी एवढी मोठी चूक यंत्र एका झटक्यात सुधारतं. इथे तसं करू नकोस अशी सूचना कोणीतरी भरून ठेवली होती. घड्याळ मुद्दाम पुढे केल्याच्या नोंदीही सापडल्या. त्या सगळ्या वेळा बाबांच्या एकांतातल्या ध्यानाच्या होत्या. चौकशी केली तेव्हा कळलं, महाराज पूर्वी कॉम्प्युटर दुरुस्त करत.

सुनेने सगळ्यांसमोर घड्याळ दोन मिनिटं पुढे केलं आणि खोलीला कुलूप लावलं. बाबांना बोलावलंच नाही. दुसऱ्या दिवशी अंतर पाऊण मिनिटाने तसंच घटलं. शिंपी खाली बघत राहिला. संथबाबा मात्र फार वेगाने गाव सोडून गेले.

धाकटी त्याच दुपारी दवाखान्यात भरती झाली. आता घरी आहे. पण जिना चढणं कायमचं बंद. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांविना गेलेले ते बारा दिवस भरून निघणार नाहीत.

यंत्रातला सेकंद लांबवता येतो, माणसाच्या छातीतला नाही. तेव्हा कोणी काळ थांबवून दाखवला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: त्या घड्याळाला शेवटचा हात कोणी लावला होता? आणि उत्तर मिळेपर्यंत गोळी चुकवू नका.