डोहात सोडलेलं पाणी

१९८६च्या वैशाखात सायखेड्यापाशी गोदावरीची धार तुटली होती, नुसते डोह उरले होते. गोजराबाई भोई सकाळी जाळं काढायला गेली, तर तिच्या डोहावर निम्मं गाव लोटलेलं. बायका पाट्या भरभरून मासे नेत होत्या, आणि जाळं कुणाच्याच हातात नव्हतं.

"हातानंच उचल गोजरे," शेजारची मैना म्हणाली. "आज नदी पावली."

गोजराबाईनं एक मरळ उचलली. पोट अंड्यांनी गच्च. दुसरी उचलली, तीही तशीच. काठाशी बोटाएवढी पिल्लं मरून पांढऱ्या थरानं साचली होती. जिवंत होते ते फक्त खेकडे, आणि ते पिल्लं खात होते. ती चिखलात बसली.

पाण्यावर तपकिरी फेस होता. मोहाच्या पेंडीचा वास येत होता. उठून तिनं एक मरळ पदरात बांधली आणि ती त्या फेसामागं वर चालत गेली. फेस यादवशेठच्या झिंग्यांच्या तळ्यांपाशी थांबला. तळ्याच्या मोरीतून पाणी धो धो नदीत पडत होतं आणि मोरीवर तिचा धाकटा भाऊ मल्हारी उभा होता. तळ्यांची राखण त्याच्याकडंच होती.

"मोरीची फळी तू काढली?" तिनं विचारलं.

"काल सांजंला. दोन तळी रिती झाली, हे तिसरं. झिंग्याची पिल्लं खाणारे मासे मारायला शेठनं पेंड टाकली व्हती. पेंडीनं झिंग्याला काय होत नाय, मासा तेवढा मरतो."

"मग नदीतला मासा?"

मल्हारी म्हणाला, "नदी एवढी मोठी, आक्का. म्हटलं, विरून जाईल."

"चल माझ्यासंगं."

डोहावर आल्यावर तो काठाशी वाकला. याच डोहात बापानं दोघांना पोहायला शिकवलं होतं. त्यानं ओंजळीत मेलेली पिल्लं घेतली आणि खाली ठेवली. तो पळतच माघारी तळ्यावर गेला. गोजराबाई पोचली तेव्हा त्यानं फळी बसवली होती आणि फटींत चिखल थापत होता.

दुपारी यादवशेठ आला. "परवा झिंग्याची नवीन पिल्लं येणार. तळं रितं पाहिजे. फळी काढ."

"पेंडीचा जहरीपणा उतरायला वीस दिवस लागत्यात. तुम्हीच सांगितलं व्हतं," मल्हारी म्हणाला.

"मेलेले मासे लोकांनी खाल्लेच ना? नुकसान काय झालं?"

गोजराबाईनं पदरातली मरळ त्याच्या पुढ्यात ठेवली आणि अंगठ्यानं तिचं पोट फाडलं. पिवळी अंडी मातीत सांडली. "ही अंडी आषाढात सुटली असती," ती म्हणाली. यादवशेठ अंड्यांकडं बघत राहिला. फळीचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही, पण मल्हारीला त्याच दिवशी कामावरून घालवलं.

तिसऱ्या तळ्याचं उरलेलं पाणी वीस दिवस तिथंच राहिलं. पावसाळ्यात पूर आला, गेला. भाद्रपदात बहीणभावांनी डोहात जाळं टाकलं, तर हाताला चार खवल्या मासळ्या तेवढ्या लागल्या. मरळ दिसायला तिसरं वर्ष उजाडलं. तोवर मल्हारी देवळ्याला कांद्याच्या चाळीवर कामाला लागला होता.